भांडण मुरायला घालताना

शेत कसायला देऊन गुण्यागोविंदाने राहणारे मालक आणि कूळ तुम्ही पाहिले असतील. तसं राहायचं नसेल तर पुढची रीत पाळा. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरचं भात असो की रायबागचा ऊस, भांडण हमखास उगवतं.

पहिलं म्हणजे कागद करू नका. कर्नाटकात सैनिक आणि खलाशी मालक सोडले तर शेतजमीन कुळाला कसायला द्यायला जवळपास बंदीच आहे. 1 मार्च 1974 ला कुळांकडच्या जमिनी सरकारजमा झाल्या, फॉर्म 7 भरून ज्यांनी कूळ असल्याचं शाबीत केलं त्यांच्या नावावर चढल्या, आणि अर्जाची मुदत 30 जून 1979 ला संपली. तरी मालकाच्या पोटातला गोळा अजून खाली उतरलेला नाही. तो जपा. त्याच्या भरवशावर दर दोन वर्षांनी कूळ बदला. दोन वर्षांचा पाहुणा शेणखत टाकत नाही, कारण त्याचा गुण दिसेपर्यंत तो बांधाबाहेर असतो. पीक घटलं की 'तू रान मारलंस' म्हणायला तुम्ही मोकळे.

'अर्ध्या वाट्यानं' म्हणा आणि तिथेच थांबा. बी कुणाचं, युरिया कुणाचा, लावणीच्या बायकांची मजुरी कुणी द्यायची, हे उघडू नका. पिंजर, म्हणजे भाताचं काड, तर अजिबात नको. भात निघाल्यावर ओलीवर टाकलेला मसूर वाट्यात धरायचा की ती कुळाची कमाई, हेही झाकून ठेवा. हे सगळं खळ्यावर, पोती शिवताना काढायचं असतं. पेरणीआधी काढलंत तर चहा संपायच्या आत मिटेल, मग काय उपयोग!

उसाला मात्र कागद करा, तोही अकरा महिन्यांचा. कुणीतरी सांगितलेलं असतं की अकरा महिन्यांचा कागद नोंदवावा लागत नाही. ऊस बारा ते चौदा महिने उभा राहतो, हे त्याने सांगितलेलं नसतं. करार संपलेला, ऊस उभा, तोडणीची टोळी आलेली नाही. ती आली की बिल कुणाच्या खात्यावर हा वाद, आणि तो मिटतोय तोवर बुडख्याला कोंब. खोडवा कुणाचा? कागदात तो शब्दच नाही. शाब्बास.

बोअर मारताना खर्च कुळाने करावा आणि वीजजोडणी मालकाच्या नावावर घ्यावी. याहून मजबूत पाया नाही.

पूर आला तर सोनंच. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा तिन्ही फुगल्या होत्या. अशा वेळी पीक बुडतं कुळाचं, आणि भरपाई उताऱ्यावर नाव असलेल्याच्या बँक खात्यात पडते. मालक पुण्यात असेल तर मोबाइलवरचा तो मेसेज त्याने गणपतीला गावी येईपर्यंत वाचू नये.

आता उताऱ्याकडे वळा. कॉलम 9 मध्ये मालक, कॉलम 12 मध्ये कसणारा. उलट शाबीत होईपर्यंत नोंद खरी धरतात, म्हणून वर्षानुवर्षं उतारा काढूच नका. वर्दी (हक्क बदलल्याची खबर) पडून फेरफाराची नोटीस आली तर ती दिव्यामागे खोचा. हरकतीला मोजकेच दिवस असतात, ते तिथे आरामात जातात. मग असिस्टंट कमिशनरच्या ऑफिसात अपील, सिव्हिल कोर्टात मनाई हुकूम, पुढे धारवाडचं खंडपीठ. वाटेत गावचे पंच आडवे येतील. देवळात बसून, बांध चालून, एका दुपारीत वाटा ठरवून टाकतील. त्यांना टाळा, किंवा होकार देऊन सही टाळा.

एक अडचण राहते. उतारा कन्नडमध्ये असतो आणि आपली मराठी शाळा. तो वाचून दाखवायला गल्लीत एकच पोरगा सापडतो, कन्नड माध्यमात शिकलेला. कुळाचा थोरला. चहा पीत पीत तो कॉलम 12 मधलं नाव वाचतो: त्याच्या आजोबांचं.