छापलेला क्यूआर कोड काहीच मोजत नाही

केशर आंब्याच्या पेट्या भरायची वेळ जवळ आली की मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांच्या आणि मोंढ्यातल्या व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर हा मजकूर फिरायला लागतो: "फुकट साइटवर क्यूआर कोड बनवा आणि पेटीवर छापा. कोड आयुष्यभर चालतो. कोणी स्कॅन केला, त्याचं नाव, नंबर, गाव सगळं दिसतं. स्कॅन वाढले म्हणजे विक्री वाढली. पेमेंटचा कोडही असाच मोजता येतो." यातलं एकही वाक्य जसंच्या तसं खरं नाही, आणि त्यावर विसंबून पेट्या छापणाऱ्याचं नुकसान होतं.

मुळात कोडमध्ये फक्त मजकूर असतो, बहुधा एक लिंक. १९९४ साली जपानच्या डेन्सो कंपनीत गाड्यांच्या सुट्या भागांचा माग ठेवायला हा कोड तयार झाला, तेव्हाही नोंद ठेवायचं काम स्कॅनरमागच्या संगणकाचंच होतं. आजही मोजणी होते ती लिंक जिथे उघडते तिथे.

"आयुष्यभर" हा शब्द म्हणूनच धोक्याचा. स्टॅटिक कोडमध्ये थेट तुमच्या लिंकचा पत्ता असतो. तो पत्ता चालू आहे तोवर कोड चालतो, पण बनवून देणाऱ्या साइटला त्याचे स्कॅन कळत नाहीत. डायनॅमिक कोडमध्ये त्या साइटची छोटी लिंक असते. ती आधी स्कॅन मोजते, मग गिऱ्हाइकाला तुमच्याकडे पाठवते. काही साइटवर फुकटची मुदत संपली की ही लिंक बंद पडते आणि छापलेल्या सगळ्या पेट्या वाया जातात. छपाईला देण्याआधी कोड स्वतः स्कॅन करून त्यातला पत्ता तुमचाच आहे ना ते वाचा. वेबसाइट असेल तर स्टॅटिक कोडच घ्या, लिंकच्या शेवटी यूटीएमची, म्हणजे गिऱ्हाईक कुठून आलं ते सांगणाऱ्या शब्दांची, जोड द्या, पेटीची वेगळी, बॅनरची वेगळी. वेबसाइटवर बसवलेलं गूगल अॅनालिटिक्स (भेटी मोजणारं साधन) फुकटात दोन्हींचा हिशेब वेगळा दाखवतं.

नुसत्या स्कॅनवरून नाव-नंबर कळत नाही. कळते ती वेळ, फोनचा प्रकार आणि आयपी पत्त्यावरून (इंटरनेट जोडणीचा क्रमांक) अंदाजाने शहर. मोबाइल डेटावर तोही अंदाज चुकतो. परळीतला माणूस मुंबईचा दिसू शकतो. त्यावर माल कुठे पाठवायचा हे ठरवू नका.

आणि स्कॅन म्हणजे विक्री नव्हे. घरातलं पोर गंमत म्हणून तीनदा स्कॅन करतं, छोट्या लिंकच्या आकड्यात तेही धरलं जातं. आपल्याकडे पुष्कळांची वेबसाइट नसते, ऑर्डर व्हॉट्सअॅपवरच येते. त्यांच्यासाठी मला सगळ्यात भरवशाचा वाटतो तो उपाय असा: व्हॉट्सअॅपच्या चॅट लिंकमध्ये (उघडली की थेट तुमच्याशी चॅट सुरू होते ती) संदेश आधीच लिहून ठेवता येतो. पेटीच्या कोडात "पेटी बघून विचारतोय", बॅनरच्या कोडात "बॅनर बघून विचारतोय". गिऱ्हाइकाने 'पाठवा' दाबलं की तो कुठून आला हे कळतं, आणि नंबर त्याने स्वतःहून दिलेला असतो. काही जण मजकूर खोडतात, तेवढी गळती धरायची. बाकीचे संदेश हंगामाच्या शेवटी शोधून मोजा आणि त्यातल्या किती जणांनी पेटी घेतली ते वहीत समोर लिहा. खर्च शून्य.

पेमेंटच्या यूपीआय कोडाला यातलं काही लागू नाही. तो थेट पैसे भरायचं अॅप उघडतो, मध्ये वेबपान नसतंच. त्याचा हिशेब बँकेच्या खात्यात बघा, आणि त्याच्यामध्ये ट्रॅकिंगची लिंक घालून देतो असं कोणी म्हणालं तर साफ नाही म्हणा.