नंबर वन, पण नक्की कशात?

परवापासून एक मेसेज फिरतोय. बिझनेस मॅगझिनच्या यादीत वर असलेल्या कंपनीचाच कॉम्प्युटर घरी घ्या, यादीत नसलेली कंपनी कधीही बुडेल, वगैरे. चार मुद्दे आणि खाली हात जोडलेले. माझी मावसबहीण तो वाचून लेकीसाठी ऑर्डर केलेला लेनोवोचा लॅपटॉप कॅन्सल करायला निघाली म्हणून लिहितोय, नाहीतर असल्या फॉरवर्डच्या नादी कोण लागतं.

एक, 'लेनोवो फॉर्च्युन 500 मध्ये नाही.' नसणारच ना! फॉर्च्युन या अमेरिकन मॅगझिनची ती यादी फक्त अमेरिकन कंपन्यांची, आणि लावतात ती उलाढालीवर. कीबोर्ड कसा आहे, बॅटरी किती टिकते याच्याशी तिचा काडीचा संबंध नाही. जगभरातल्या कंपन्यांची ग्लोबल 500 वेगळी निघते, तिच्यात लेनोवो आहे. अ‍ॅपल यादीत वर दिसते ती मुख्यतः आयफोनच्या जोरावर, 2023 च्या आर्थिक वर्षात 383 अब्ज डॉलरच्या विक्रीत तिच्या मॅक कॉम्प्युटरचे जेमतेम 29 अब्ज.

दोन, फॉर्च्युनचीच 'मोस्ट अ‍ॅडमायर्ड' यादी, म्हणजे सगळ्यात मान असलेल्या कंपन्यांची. तिथे मत विचारतात कंपन्यांच्या साहेबांना, डायरेक्टरांना आणि अ‍ॅनालिस्टना, तेही नऊ निकषांवर, त्यात मालाचा दर्जा हा फक्त एक. असो.

तीन, आणि हा खरा कहर: 'गार्टनरचा नंबर वन म्हणजे सगळ्यात जास्त घरांत तोच कॉम्प्युटर.' गार्टनर आणि आयडीसी या बाजाराचे आकडे काढणाऱ्या दोन कंपन्या. 2012 ची तिसरी तिमाही बघा. गार्टनर म्हणाली लेनोवो पहिली, जगातल्या पीसी बाजारात वाटा 15.7 टक्के, एचपी 15.5. त्याच तिमाहीचा आयडीसीचा हिशोब: एचपी पहिली, 15.9, लेनोवो 15.7. एकच तिमाही, नंबर वन दोन! एचपीने लगेच सांगितलं की आयडीसीचंच धरा, त्यांनी वर्कस्टेशनपण मोजलेत. वर्कस्टेशन म्हणजे इंजिनिअरिंग नि अ‍ॅनिमेशनवाल्यांची भारी मशीनं, ती कुणाच्या घरात असतात? शिवाय हे आकडे शिपमेंटचे, म्हणजे कंपनीकडून बाहेर पडलेल्या मालाचे, त्यात ऑफिसांनी एकदम उचललेला मालही आला आणि डिलरकडे पडून असलेलाही. घरं कुणीच मोजली नाहीत.

चार, 'टाइमने 1982 साठी स्टीव्ह जॉब्सला वर्षाचा मानकरी केलं.' साफ खोटं. टाइम मासिकाच्या 3 जानेवारी 1983 च्या अंकात मान मिळाला तो कॉम्प्युटरला, 'मशीन ऑफ द इयर' म्हणून. ना माणूस, ना कंपनी.

कंपनी बुडाली तर वॉरंटीचं काय, एवढी भीती मात्र खरी, नाइलाजाने मान्य. कमोडोर कंपनीचं कमोडोर 64 हे जुनं घरगुती कॉम्प्युटरचं मॉडेल एवढं खपलं की गिनीजमध्ये सर्वाधिक विकलेलं डेस्कटॉप मॉडेल म्हणून नोंद आहे, तरी कमोडोर 1994 ला दिवाळखोरीत गेलीच. पण यादीतली जागा बघून हे कळत नाही. 2005 च्या फॉर्च्युन 500 मध्ये आयबीएम पहिल्या दहात होती, आणि त्याच वर्षी तिने पीसीचा अख्खा धंदा देऊन टाकला. कुणाला? लेनोवोलाच!

तर ताई, ऑर्डर राहू दे. वॉरंटी किती वर्षांची आणि बिघडलं तर माणूस घरी येतो का, एवढं विचारून घे.