दहा रोपांत एकही ढोली नसते

सध्या एक मजकूर बराच फिरतोय. त्याचा आशय असा: राखीव क्षेत्रांची कल्पना आता जुनी झाली. छतांवर बागा करा, महामार्गांवर प्राण्यांसाठी पूल बांधा, तोडलेल्या एका झाडामागे दहा लावा, की जैवविविधतेचं काम झालं. जगभरची धोरणंही म्हणे हेच सांगतात. लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असेलही, पण एकेक दावा तपासून पाहायला हवा.

आधी धोरणांचं. अशा उपायांसाठी वापरल्या जाणाऱ्या 'हरित पायाभूत सुविधा' या शब्दाला वजन आलं त्यात युरोपीय संघाच्या 2013च्या रणनीतीचा मोठा वाटा आहे. त्यात हा शब्द सुट्या बागांसाठी वापरलेला नाही. नैसर्गिक आणि अर्धनैसर्गिक जागांच्या विचारपूर्वक आखलेल्या जाळ्यासाठी वापरला आहे. त्या जाळ्याचा कणा म्हणजे 'नॅचुरा 2000', संघाच्या जमिनीचा सुमारे 18 टक्के भाग व्यापणारी संरक्षित क्षेत्रंच! जैवविविधतेसाठी देशांनी मिळून मान्य केलेल्या 2022च्या कुनमिंग-माँट्रियल आराखड्यातही तेच दिसतं. 2030पर्यंत 30 टक्के जमीन आणि 30 टक्के समुद्र राखायचा, हे तिसरं उद्दिष्ट. शहरांतल्या हिरव्या आणि पाणथळ जागा वाढवायच्या, हे बारावं. एक केलं की दुसरं माफ, असं त्यात कुठेही नाही.

छतांचा मुद्दा मी इतक्या सहज निकालात काढणार नाही, कारण त्यात खरंच काहीतरी आहे. स्वित्झर्लंडमधल्या झुरिक शहराच्या वोलिसहोफेन भागात 1914 साली सरोवराचं पाणी गाळण्याचं केंद्र उभं राहिलं. आतलं पाणी उन्हाळ्यात तापू नये म्हणून त्याच्या सपाट काँक्रीट छतांवर जवळपासच्या कुरणांतली माती पसरली. निसर्ग वाचवणं कुणाच्या मनातही नव्हतं. पण मातीबरोबर कुरणाचं बीही वर गेलं. पुढे आसपासची कुरणं नाहीशी झाली आणि छतावर मात्र दुर्मीळ ऑर्किडांसह सुमारे 175 जातींच्या वनस्पती टिकल्या. दाखला छताच्या बाजूचाच आहे, पण खाली आधी कुरण होतं म्हणून वर ते उगवलं. नर्सरीतून गुंडाळी करून आणलेली, चार बोटं मातीतली एकसारखी रसाळ रोपं अंथरली असती, तर छत हिरवं दिसलं असतं एवढंच. स्वित्झर्लंडमधल्याच बाझल शहरात सपाट छतं हिरवी करणं नियमानेच बंधनकारक आहे, आणि तिथे स्थानिक माती, स्थानिक बी आणि कमी-जास्त जाडीचा थर यांवर भर असतो, तो उगाच नाही. कोरडा उंचवटा एका किड्याला लागतो, ओलसर खोलगट दुसऱ्याला.

आता पूल. कॅनडातल्या बान्फ राष्ट्रीय उद्यानातून जाणाऱ्या महामार्गावर प्राण्यांसाठी पूल आणि भुयारी मार्ग आहेत, दोन्ही बाजूंना कुंपण आहे. वाहनांची प्राण्यांना होणारी धडक तिथे 80 टक्क्यांहून जास्त घटली. कौतुकास्पदच आहे ते. मात्र ग्रिझली अस्वलांना हे मार्ग अंगवळणी पडायला काही वर्षं लागली. त्यांना उंच, रुंद, मोकळी वाट आवडते. काळी अस्वलं आणि प्यूमा अरुंद, झाकलेल्या वाटेने जातात. म्हणजे एकाच नमुन्याचा पूल सगळ्यांना चालत नाही. आणि तो मजकूर लिहिणाऱ्यालाच विचारावंसं वाटतं: पूल ओलांडून ते अस्वल जाणार कुठे? दोन्ही टोकांना राखलेलं जंगल आहे म्हणून त्या पुलाला अर्थ आहे.

उलट बाजूही मान्य करतो. नुसती कुंपणं घालून राखीव तुकडे सांभाळणंही पुरत नाही. पनामा कालव्यासाठी नदी अडवली तेव्हा एक डोंगरमाथा पाण्यात वेगळा पडून बॅरो कोलोरॅडो हे बेट झालं. जंगल शाबूत, संशोधकांचा वावर कायमचा, तरी पक्ष्यांच्या कित्येक जाती तिथून गेल्या. जोडणाऱ्या वाटा हव्यात त्या यासाठी.

राहिला 'एकाला दहा'चा हिशोब. जुन्या झाडाची फांदी मोडते, तिथे बुरशी शिरते, लाकूड आतून कुजत जातं आणि सावकाश ढोली तयार होते. तिच्यात घुबडं, पोपट, वटवाघळं राहतात. ऑस्ट्रेलियातल्या निलगिरींमध्ये पक्षी-प्राण्यांना राहता येईल अशी ढोली व्हायला सहसा शंभराहून जास्त वर्षं लागतात. दहा रोपं आज लावली तरी बेघर झालेल्या घुबडाला यंदाच्या विणीच्या हंगामात त्यांतलं एकही कामाचं नाही.