एव्हरेस्टच्या पोस्टबद्दल खुलासा

२९ मे रोजी मीच टाकलेली पोस्ट आता इंदूरच्या रामबागेतल्या ग्रुपपासून बडोद्याच्या नातेवाइकांपर्यंत पोचली आहे. त्यात मी लिहिलं होतं, ‘एव्हरेस्ट हे माणसानं सर केलेलं पहिलं आठ हजार मीटरचं शिखर.’ हे चूक आहे. चूक माझीच.

काल एका काकांनी टोकलं, म्हणून चढायांची सालवारी काढून बसलो. तेनझिंग आणि हिलरी माथ्यावर पोचले २९ मे १९५३ला. त्याआधी, ३ जून १९५०ला, मॉरिस हर्झॉग आणि लुई लाशनाल हे फ्रेंच गिर्यारोहक ८,०९१ मीटरच्या अन्नपूर्णेवर उभे होते, तेही ऑक्सिजनच्या नळकांड्यांशिवाय. नकाशे इतके कच्चे की आधी डोंगराची वाटच शोधण्यात त्यांचे कितीतरी दिवस गेले. उतरताना हिमदंश झाला. दोघांच्या पायांची बोटं गेली, हर्झॉगच्या हातांचीही. ही मोहीम माझ्या नजरेतून सुटलीच कशी, कोण जाणे!

‘१९५३पूर्वी आठ हजारांच्या वर कोणी गेलंच नव्हतं’ ही ओळ पुढं कुणीतरी जोडली आहे, ती माझी नाही. पण तीही चूकच. १९२४ मध्ये ब्रिटिश गिर्यारोहक नॉर्टन एव्हरेस्टवरच सुमारे ८,५७० मीटरपर्यंत जाऊन परतला होता. खुद्द तेनझिंगही १९५२ मध्ये स्विस मोहिमेत गिर्यारोहक लँबेरसोबत साडेआठ हजारांच्या वर पोचला होता.

एव्हरेस्ट सर्वांत उंच, आणि त्याची पहिली यशस्वी चढाई १९५३ची, एवढं मात्र खरं. जुनी पोस्ट मी काढली आहे. कृपया तुम्हीही ती पुढं पाठवू नका, आणि जिथं पाठवली असेल तिथं हा खुलासा टाका.