पोस्टडॉक ही पदवी नाही, तिला प्रवेश शुल्कही नसतं

‘पोस्टडॉक ही पीएचडीवरची पदवी, विद्यापीठात शुल्क भरून प्रवेश घ्या,’ असा मेसेज सोलापुरातल्या संशोधकांच्या ग्रुपवर फिरतोय. हे साफ चुकीचं आहे. पोस्टडॉक ही पीएचडीनंतरची, ठरावीक मुदतीची संशोधन नेमणूक असते आणि पैसे उलट तुम्हालाच मिळतात. केंद्राच्या 2023 च्या दरांनुसार रिसर्च असोसिएटला (प्रकल्पातल्या पोस्टडॉकचं हे पद) दरमहा 58,000 ते 67,000 रुपये, घरभाडे भत्ता वेगळा. कुणी पैसे मागितले तर कृपा करून देऊ नका.

जागा बहुतेकदा प्राध्यापकांच्या प्रकल्पातून निघते, म्हणून त्यांनाच ईमेल करा. त्यांच्या ताज्या शोधनिबंधातला नेमका मुद्दा आणि तुमचं तंत्र लिहा. नुसतं ‘एक्सआरडी (क्ष-किरणांनी पदार्थाची रचना तपासण्याचं तंत्र) येतं’ पुरत नाही. कोणत्या पातळ थरांवर काय मोजलंत ते सांगा. एकच मजकूर चाळीस जणांना सीसीत टाकला, तर कुणीच उत्तर देत नाही.