किती येतंय?

आमच्या घरात नेटचा उपयोग हल्ली मुख्यतः नेटचा वेग मोजण्यासाठी होतो.

बाकीची कामंही होतात, नाही असं नाही. मुलगी पुण्यातल्या कंपनीचं काम साताऱ्यात बसून करते. आई कीर्तनं ऐकते. बायको मंगळागौरीच्या सरावाचे व्हिडिओ ग्रुपवर चढवते. मी निवृत्त असल्यामुळे सगळ्यांच्या तक्रारी ऐकतो. पण यातल्या कुणाचंही काही अडकलं की "नेट गेलं" असं कुणी म्हणत नाही. ती भाषा संपली. आता आतल्या खोलीतून हाक येते, "अहो, बघा जरा, किती येतंय?" मग मी चष्मा लावतो, मोबाईलवर ते काळ्या तबकडीचं ॲप उघडतो आणि घरभर फर्मान काढतो, "कुणीही नेट वापरू नका. नेट कसं चालतंय ते बघतोय."

फर्मान ऐकायला विचित्र वाटलं तरी रास्त आहे. लाईन एकच, तिच्यावर चौघंजण. इतरांचं चालू राहिलं तर ॲपच्या वाट्याला उरलंसुरलंच येणार. त्यामुळे कीर्तनकार अर्ध्या अभंगावर थांबतात, मंगळागौरीचा पिंगा अधांतरी राहतो, मुलगी साहेबांना "वन मिनिट" म्हणते आणि सगळे माझ्याभोवती गोळा होतात. काटा शून्यावर थोडा थरथरतो, मग एकदम ऐंशीकडे झेपावतो. आई म्हणते, "आलं, आलं!" तेवढ्यात काट्याचा विचार बदलतो आणि तो एक्केचाळीसवर येऊन टेकतो. "एक्केचाळीस," मी जाहीर करतो. "बरंय की मग," बायको म्हणते. सगळे आपापल्या जागी परत जातात. जे अडकलं होतं ते अजून अडकलेलंच असतं, पण आकडा कळल्यामुळे सगळ्यांना थोडं बरं वाटतं.

हे ॲप आत करतं तरी काय, याचा मी निवृत्त माणसाच्या चिकाटीने छडा लावला आहे. आधी ते जवळचा सर्व्हर शोधतं. आम्हाला बहुधा पुण्याचा मिळतो. त्याला एक हाळी देतं आणि 'ओ' यायला किती वेळ लागला ते मोजतं, तो पिंग. मग एकाच वेळी अनेक जोडण्या उघडून तिकडून जमेल तेवढा डेटा ओढतं, तो डाउनलोड. आणि तसाच डेटा इकडून तिकडे ढकलतं, तो अपलोड. या डेटाला अर्थ काही नसतो. म्हणजे काही सेकंद सातारा ते पुणे आणि पुणे ते सातारा अशी शुद्ध कचऱ्याची वाहतूक चालते, आणि ती जितकी जोरात होईल तितका मी खूश होतो.

पिंग साधारण नऊ मिलिसेकंद दाखवतो. मी हिशेब मांडला. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. सातारा-पुणे जाऊन येऊन सव्वादोनशे किलोमीटर धरलं तरी सव्वा मिलिसेकंदात काम व्हायला हवं. मग उरलेला वेळ हा गडी असतो कुठे? राउटर, स्विच वगैरे वाटेत असतात असं मुलगी सांगते. माझा संशय आनेवाडी आणि खेड-शिवापूरच्या टोलनाक्यांवर आहे. माझाही वेळ तिथेच जातो.

खरी मेख पुढे आहे. हा जवळचा सर्व्हर पुष्कळदा नेट पुरवणाऱ्या कंपनीच्याच जाळ्यात बसवलेला असतो. म्हणजे आमच्या घरून कंपनीच्या घरापर्यंतचा रस्ता गुळगुळीत आहे, एवढं सिद्ध होतं. पण मला कंपनीच्या घरी काही काम नसतं. मला हवा असतो एका सरकारी पोर्टलवरचा दाखला. तिथे गोल चाक फिरत राहतं, ओटीपी येऊन शिळा होतो, आणि त्याच वेळी ॲप छातीठोकपणे ब्याण्णव दाखवत असतं. दोघंही खरं बोलतात, हाच तर वैताग आहे.

यावर नेटफ्लिक्सने २०१६ साली वेगळी शक्कल काढली. त्यांच्या 'फास्ट' नावाच्या चाचणीचा डेटा त्यांच्या स्वतःच्या सर्व्हरवरूनच येतो. नेट पुरवणाऱ्या कंपनीने नेटफ्लिक्सचे सिनेमे अडवून धरले तर चाचणीही अडणार आणि भांडं फुटणार. त्याच वर्षी ट्राय या सरकारी दूरसंचार नियामकानेही 'मायस्पीड' नावाचं ॲप काढलं. त्यातून आपला निकाल थेट ट्रायकडे धाडता येतो. ही सगळी ॲपं माझ्या मोबाईलवर आहेत आणि एकाचा आकडा दुसऱ्याशी जुळेल तर शपथ. पण याचा तोटा नाही. तक्रार करायची असेल तेव्हा सर्वांत कमी दाखवणारं ॲप उघडायचं, पाहुण्यांसमोर सर्वांत जास्त दाखवणारं.

पाहुण्यांचंही एक असतं. पूर्वी पाहुणा आला की पाणी मागायचा, मध्यंतरी वायफायचा पासवर्ड मागायचा. आता पासवर्ड मिळाल्यावर तो घोटभर पाणी पिण्याआधी आपलं नेट मोजतो आणि ओठ काढून म्हणतो, "एवढंच?" या देशात १५ ऑगस्ट १९९५ला विदेश संचार निगमने नेट सर्वांना खुलं केलं, तेव्हा मोडेमचं ते कण्हणं-खाकरणं संपून जोडणी लागली तरी लोक पेढे वाटायच्या बेतात असत. २००४च्या सरकारी धोरणात २५६ केबीपीएसला, म्हणजे सेकंदाला २५६ किलोबिटला, ब्रॉडबँड म्हटलं होतं. २०२३मध्ये ती किमान मर्यादा २ एमबीपीएसवर, म्हणजे सेकंदाला २ मेगाबिटवर नेली. आमचे एक्केचाळीसही एमबीपीएसच, म्हणजे त्याच्या वीसपट. पण हे पाहुण्याला सांगून उपयोग नसतो, कारण तो तोवर बेडरूममध्ये जाऊन दुसऱ्यांदा मोजत असतो.

पाहुण्यांत अग्रगण्य आमचे साडू. पुण्यात असतात. त्यांनी एकदा माझ्याच सोफ्यावर बसून चार जीबीचा सिनेमा उतरवायला घेतला. शंभरचा प्लॅन आहे म्हटल्यावर त्यांनी शंभराने चार हजारांना भागलं आणि चाळीस सेकंद घड्याळाकडे बघत बसले. पाच मिनिटं उलटली तसे म्हणाले, "भाऊ, तुम्हाला फसवलंय." फसवलं कुणीच नव्हतं. प्लॅनमधला शंभर हा आकडा बिटांचा, सिनेमाचं वजन बाइटांत, आणि आठ बिटांचा एक बाइट. इंग्रजीत हा फरक बी लहान लिपीत की मोठ्या, यावरून दाखवतात. देवनागरीत लहान-मोठं अक्षर नाही, सबब आठपट घोटाळा. सेकंदाला साडेबारा एमबी या दराने पाच मिनिटं वीस सेकंद लागणारच. मी कागदावर करून दाखवलं. ते म्हणाले, "माझा तीनशेचा आहे." या वाक्यावर गणित चालत नाही.

शेवटी मुलीची मीटिंग रोज गोठायला लागली. तोंड उघडं, हात हवेत, अशी ती साहेबांसमोर मिनिट-मिनिट थिजून राहायची. मग मी तक्रार नोंदवली. फोनवरची बाई फार सभ्य होती.

"सर, स्पीड टेस्ट केली का?"

"केली. एक्केचाळीस."

"मोबाईलवर नाही सर. लॅपटॉपला केबल लावून करा."

"लॅपटॉपला केबलची जागाच नाही."

"ठीक आहे सर, मग मोबाईलवर करून स्क्रीनशॉट पाठवा."

स्क्रीनशॉट पाठवला. संध्याकाळी संदेश आला, 'आमच्याकडून लाईन ओके आहे. आपली तक्रार बंद करण्यात आली आहे. सेवेला पाच तारे द्या.' मी पुन्हा तक्रार केली, ती पुन्हा बंद झाली. मग मात्र आमच्या पेठेतला केबलवाल्याचा पोरगा आला, आणि त्याच्या गाडीचा आवाज ऐकताच नेट सुतासारखं सरळ झालं. याला पोरगा म्हणायचं ते वयामुळे. ज्ञान अफाट. बूट काढता काढता त्याने राउटरकडे पाहिलं. राउटर आम्ही टीव्हीमागे, गणपतीच्या फोटोच्या आडोशाला ठेवला होता, कारण तो बाहेर दिसला तर वाईट दिसतं असं घरातल्या कारभाऱ्यांचं मत. पोरगा राउटरपासून वीतभर अंतरावर उभा राहिला, स्वतःच्या मोबाईलवर टेस्ट लावली आणि स्क्रीन माझ्यापुढे धरली. सत्त्याण्णव.

"येतंय की ओ काका."

"इथे येतंय रे. पण मुलगी आतल्या खोलीत बसते."

"आत भिंत हाय नव्हं काका."

भिंत होतीच. वाड्याची, दीड फुटी, आजोबांनी बांधलेली. त्यांनी वायफायचा विचार केला नव्हता. पोरग्याने समजावून सांगितलं, की वायफायच्या दोन पट्ट्यांपैकी पाच गिगाहर्ट्झवर वेग जास्त पण भिंत दिसली की ते हात टेकतं. अडीचचं, म्हणजे खरं तर २.४चं, भिंतीतून आत शिरतं पण मुळात हळू, आणि त्याच पट्ट्यात मायक्रोवेव्ह ओव्हन चालतो. म्हणजे आई दुपारी चहा गरम करते तेव्हा मुलगी साहेबांसमोर थिजते, ही दोन कार्यं एकमेकांशी निगडित असू शकतात. हे ऐकून आईने पोरग्याकडे असं पाहिलं, की त्याने विषय बदलला.

मग त्याने काचेच्या तंतूची पिवळी वायर काढून प्रकाशाची ताकद मोजणाऱ्या एका छोट्या मीटरला लावली. "पॉवर उणे बावीस. एक नंबर."

"उणे?"

"उणेच असती काका. उणे तीस झाली की मग आपलं वांदं."

आयुष्यभर नोकरीत उण्याला घाबरलेल्या माणसाला हे पचायला वेळ लागला. तोवर त्याने राउटरमागची जाडी केबल उपसून तिचं टोक दिव्यापुढे धरलं. "ह्यात आठ तारा असतात. इथं चारच जोडल्यात. चार तारांवर शंभराच्या म्होरं जात न्हाय, राउटर सोन्याचा घ्या. तुमचा प्लॅनच शंभरचा, म्हणून भागतंय." जाताजाता त्याने मीटिंगचं कोडंही सोडवलं. बायकोच्या मोबाईलवरून पिंग्याचे व्हिडिओ वर जात असताना अपलोडची वाट तुंबते, राउटरमध्ये रांग लागते, आणि नऊचा पिंग चारशेवर जातो. ॲपपुढे मात्र आम्ही सगळं बंद करून बसतो, त्यामुळे ते बिचारं नेहमी मोकळा रस्ताच मोजतं. तेव्हापासून पिंगा रात्री दहानंतर चढतो.

वरच्या मजल्यावरच्या काकांकडे मोजण्याचा निराळाच प्रकार. त्यांच्याकडे वायफाय नाही, मोबाईलचं फाईव्ह-जी आहे आणि रोजचा दीड जीबीचा पॅक. सेकंदाला तीनशे मेगाबिट या वेगाने दहा सेकंदांची एक चाचणी म्हणजे पावणेचारशे एमबी, तेही नुसत्या डाउनलोडचे. काका सकाळी उठल्यावर एकदा मोजतात, गच्चीवर एकदा, मला दाखवायला एकदा, आणि मी खोटं ठरवू नये म्हणून आणखी एकदा. लगेच संदेश येतो, आजचा डेटा संपला. "पण स्पीड बघितलास ना?" काका विचारतात आणि दिवसभर पेपर वाचतात.

दिवाळीत साडूंकडे गेलो. त्यांनी नवा राउटर घेतला होता, सहा अँटेनांचा, दिवाणखान्याच्या मधोमध मांडलेला. चहा यायच्या आधी मी ॲप उघडलं. चौऱ्याण्णव. साडू हसले, म्हणाले, पुण्याचा सर्व्हर लोडेड असेल, मुंबई लावा. मुंबई लावली. चौऱ्याण्णव. त्यांनी स्वतःच्या मोबाईलवर लावलं, मग मुलाच्या, मग राउटर बंद करून चालू केला. चौऱ्याण्णव. मी वाकून भिंतीवरच्या डब्यातून राउटरकडे आलेली केबल पाहिली. टोकाचा प्लग पारदर्शक होता. आत तारा स्पष्ट दिसत होत्या.

"चांगलं येतंय की," मी म्हटलं आणि चकली घेतली.

परवा त्यांचा फोन होता. पाचशेचा प्लॅन घेतोय म्हणाले. मी म्हटलं, जरूर घ्या.