२४ फ्रेम ही डोळ्याची मर्यादा नव्हे

एक दावा सध्या हातोहात फिरतो आहे: ‘डोळ्याला सेकंदाला २४ फ्रेमच दिसतात, म्हणून सिनेमा २४ वर चालतो. त्याहून जास्त फ्रेम घेतल्या की चित्र सीरियलसारखं दिसतं. डिजिटलचा हा दोषच आहे, फिल्मवर असं होत नाही.’ यातलं मधलं वाक्य अर्धं खरं आहे, बाकीची दोन साफ चुकीची.

आधी डोळ्याचं बघू. २४ ही डोळ्याची हद्द असती, तर फिल्म प्रोजेक्टरच्या शटरला दोन किंवा तीन पाती लावावी लागली नसती. एकच फ्रेम दोनदा-तीनदा झाकून-उघडून पडद्यावर ४८ किंवा ७२ वेळा उजेड टाकतात, कारण २४ वेळचा उजेड डोळ्याला चक्क लुकलुकताना दिसतो. मूकपटांच्या काळात कॅमेरा हाताने फिरवत, वेग कमी-जास्त होई. आवाज आला आणि एकच स्थिर वेग ठरवणं भाग पडलं. ३५ मिमीच्या एका फुटात १६ फ्रेम बसतात, म्हणजे २४ ला मिनिटाला ९० फूट. वेग कमी केला तर साउंडट्रॅकमधले बारीक, उंच स्वर जातात. वाढवला तर फिल्मचा खर्च वाढतो. २४ हा त्यातला व्यवहारी मध्य आहे. पॅन करताना, म्हणजे कॅमेरा जागेवरच आडवा फिरवताना, एखादी वस्तू फ्रेमच्या एका कडेपासून दुसरीकडे जायला किमान ७ सेकंद द्या, हा कॅमेरामनचा जुना नियमही २४ अपुरे पडतात म्हणूनच आला. घाईने पॅन केला की विजेचे खांब धक्के खात सरकतात.

आता सीरियल. आपल्याकडचा टीव्ही २५ फ्रेमचा, पण त्यात फील्ड, म्हणजे एकाआड एक ओळींची अर्धी चित्रं, ५०, आणि प्रत्येक फील्ड वेगळ्या क्षणी टिपलेलं. त्यामुळे सरसर वाहणारी हालचाल बघितली की टीव्ही आठवतो, एवढं मान्य. पण सीरियलचा तोंडवळा निम्मा दुसरीकडून येतो. तीन-चार कॅमेरे एकदम चालतात, म्हणून उजेड सगळीकडून सपाट. सेन्सर लहान, म्हणून नायिकेमागचं कॅलेंडरही तिच्याइतकंच स्पष्ट. खिडकी जळून पांढरी, आणि कॅमेऱ्यातलं ‘डिटेल’ (कडा ठळक करणारं सेटिंग) चढवलेलं असेल तर खांद्याच्या कडेला पांढरी रेघ. हेच फुटेज २५ फ्रेमचं केलं तरी यातलं काहीच जात नाही.

फिल्मवर असं होत नाही, हेही खरं नाही: जास्त फ्रेम फिल्मवरही घेतल्या गेल्या. टॉड-एओ या ७० मिमी फिल्मच्या पद्धतीचा ‘ओक्लाहोमा!’ १९५५ मध्ये ३० फ्रेमवर निघाला, आणि स्पेशल इफेक्ट्सवाले डग्लस ट्रम्बुल यांची शोस्कॅन पद्धत तर ७० मिमी फिल्मवर ६० फ्रेमची होती. उलट, २४ वर काढलेला चित्रपट घरच्या टीव्हीवर सीरियलसारखा दिसतो, तेव्हा टीव्ही मधल्या फ्रेम स्वतः बनवून घालत असतो. एलजीवर ट्रूमोशन, सोनीवर मोशनफ्लो अशा नावाचं ते सेटिंग बंद करून बघा.

खरा घोळ कॅमेऱ्याच्या शटरचा, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. शटर अंशांत मोजतात: ३६० म्हणजे फ्रेमचा पूर्ण वेळ उघडं, १८० म्हणजे निम्मा वेळ. ४८ फ्रेमला १८० अंश ठेवले तर एक्स्पोजर, म्हणजे फ्रेमवर उजेड पडण्याचा वेळ, १/९६ सेकंद. २४ च्या मानाने एक स्टॉप, म्हणजे निम्मा, उजेड गेला, हालचालीतला ब्लर (फरकटलेपणा) निम्मा झाला. शिवाय एकाआड एक फ्रेम काढून २४ ची प्रत केली, तर ती ९० अंशांची होते आणि तुटक दिसते. २०१२ च्या ‘हॉबिट’साठी ४८ फ्रेमला २७० अंश म्हणजे १/६४ ठेवलं होतं, २४ च्या प्रतीत ते १३५ अंश होतात, जे चालून जातं. तरीही हलता चेहरा नेहमीपेक्षा स्पष्ट दिसतो, आणि त्याबरोबर विगची कड, सेटवरचा रंगही. म्हणून मेकअप टेस्ट ४८ वरच, त्याच शटरला, माणूस चालता ठेवून घ्या. स्थिर चेहऱ्यावर फरक कळणार नाही.

आपल्याकडे आणखी एक अडचण. वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे चोकवाली ट्यूब सेकंदाला १०० वेळा उजळते. १/६४ ला प्रत्येक फ्रेमच्या वाट्याला सुमारे दीड उजळणं येतं आणि चित्राचा उजेड सेकंदाला ४ वेळा धडधडतो. अशा जागी १७२.८ अंश ठेवा: ४८ ला बरोबर १/१००, म्हणजे दर फ्रेमला एक पूर्ण उजळणं, धडधड गेली. मात्र त्यातून २४ ची प्रत काढली तर ती ८६.४ अंशांची, तुटकच. ३४५.६ अंश म्हणजे १/५० घेतलं तर २४ ची प्रत उत्तम येते, पण ४८ ची थोडी पुसट. मुख्य प्रत कोणती, हे लाइट लावण्याआधीच ठरवावं लागतं.